बेकरीच्या विटांचं कोर्ट

स्पेन देशात टेनिस कुणी वाढवलं असं मला कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगतो की कार्ल्सरूहेला माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या माणसाने. जाणकार हसतात. ते एकेका विजेत्याचं नाव घेऊ लागतात, मी सगळी ऐकून घेतो आणि माझं मत बदलत नाही. त्याने हे काम जर्मनीत बसून केलं, त्याला स्वतःला टेनिस जेमतेम येत होतं, आणि त्याने ते मनावर घेतलं तेव्हा खुद्द स्पेनमध्ये बड्या लोकांच्या क्लबांबाहेर या खेळाची कुणाला फारशी फिकीर नव्हती, या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण गंगा आणणाऱ्या भगीरथाला तरी पोहता येत होतं की नाही, याची चौकशी कुणी केली आहे?

साठ साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. मी सांगलीहून इंजिनिअरिंगची डॉक्टरेट करायला आलो होतो, आणि तो वालेंसियाकडून रसायनशास्त्राची. उंची बेताची, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील इतक्या. भर हिवाळ्यात तो पँटच्या आत टेनिसची पांढरी चड्डी घालून हिंडायचा, कारण "ऊन कधी पडेल याचा नेम नाही, आपण तयार असावं." घरून आलेलं ऑलिव्हचं तेल तो सॅलडवर घाली, केसांना लावी, दाराच्या बिजागरीत सोडी आणि रॅकेटच्या लाकडालाही चोळी. आमच्या मजल्यावर त्याचं दार तेवढं कुरकुरत नसे. रात्रीचं जेवण तो दहाला सुरू करायचा, आणि दुपारी जेवून झोपायचा तो अशा निष्ठेने, की प्रयोगशाळेतल्या जर्मन मंडळींनी त्याच्या नादाला लागणंच सोडलं होतं.

टेनिस तो गावच्या चर्चच्या भिंतीवर शिकला होता, पाद्री काठी घेऊन येईपर्यंत. त्यामुळे भिंत दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. इथली भिंत वसतिगृहाची, आणि काठीच्या जागी हाउसमाइस्टर. हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीच्या किल्ल्या, नळ आणि नीतिमत्ता सांभाळणारे गृहस्थ. दुपारी एक ते तीन ही जर्मनीत शांततेची वेळ. त्या वेळात माशीसुद्धा दबकत उडते, आणि नेमका तेव्हाच हा झोपेतून उठून भिंतीवर चेंडू बडवायला लागायचा. हाउसमाइस्टर खिडकीतून घड्याळ दाखवत. हा त्यांना रॅकेट दाखवी. दोघंही एकमेकांना "तुम्ही" म्हणत, आणि इतक्या आदराने भांडणारी माणसं मी सांगलीत पाहिली नव्हती.

स्वयंपाकघरात त्याचं भविष्यकथन चाले. जर्मन मुलं चिडवायची, "जा, जा, तुमचं फुटबॉल चांगलं आहे की!" तो पळी रोखून म्हणायचा, "फुटबॉल राहू द्या. आल्झो, म्हणजे असं बघा, आमच्याकडे ऊन आहे, माती आहे, आणि घाई कुणालाच नाही. टेनिसला आणखी काय लागतं? बघाल, एक दिवस आमचे न्हावीसुद्धा टेनिस खेळतील." मी त्याच्या बाजूने मान डोलवायचो, कारण पळीत असलेल्या भातातला अर्धा माझा असे.

आता माझं सांगतो. दुसऱ्या हिवाळ्यात प्राध्यापकांनी माझं वर्षभराचं काम वाचलं, चष्मा पुसला आणि सौम्यपणे सांगितलं की हे सगळं पुन्हा करावं लागेल. बाहेर चार वाजताच अंधार. सांगलीत वडिलांनी न्हाव्यापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं की मुलगा डॉक्टर होऊन येणार. मी आठवडाभर खोलीतून बाहेर पडलो नाही आणि ठरवलं की झालं तेवढं पुरे, मार्चमध्ये बोट धरायची, घरी जाऊन तोंड लपवायचं. हे मी पहिल्यांदा शेजाऱ्याला सांगितलं. वाटलं होतं, तो धीर देईल. तो भडकलाच. "मार्चमध्ये? शक्य नाही. मे महिन्यात कोर्ट तयार होणार आहे. जाळीच्या पलीकडे कोण उभं राहणार, तुझा प्राध्यापक?"

"कसलं कोर्ट?" मी विचारलं.

त्याने मला ओढतच वसतिगृहामागे नेलं. तिथे युद्धात पडलेल्या एका घराच्या विटांचा ढीग बर्फाखाली अजून तसाच होता. "लाल कोर्टाची माती म्हणजे काय असतं? विटांचा भुगा! बॉम्ब टाकणाऱ्यांनी निम्मं काम करून ठेवलंय." माझी खात्री आहे की त्या क्षणापर्यंत कोर्टाचा विचार त्याच्या डोक्यातही नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तो हातोडी घेऊन आला, आणि मी नुसता बघत तरी कसा उभा राहणार? रोज दुपारी आम्ही विटा फोडत होतो. हाउसमाइस्टर घड्याळ घेऊन धावत आले, ढिगाशी थबकले आणि एक वीट हातात घेऊन बघू लागले. मग म्हणाले, "ही बेकरी होती. मी लहानपणी इथून पाव नेत असे." आम्ही हातोड्या खाली ठेवल्या. ते आत गेले. आता तक्रार होणार म्हणून आम्ही वाट बघत राहिलो, तर ते आपली मोठी हातोडी घेऊन बाहेर आले आणि आमच्या शेजारी विटा फोडायला बसले. माझी मार्चमधली बोट मला न घेताच गेली.

यानंतर कोर्टाच्या कामात माझं एक स्वतंत्र योगदान आहे. आमच्या सांगलीच्या क्लबात मुरुमाचं कोर्ट शेणाने सारवत. धूळ बसते, उसळी बरी येते. हे मी बोलून गेलो आणि शेजाऱ्याचे डोळे चमकले. गावाबाहेरच्या शेतकऱ्याकडून हातगाडी भरून शेण आणलं. शनिवारी दिवसभर मी दोन हातांनी कोर्ट सारवलं, आईच्या अंगणासारखं, आणि तो बाजूला उभा राहून "सुंदर! सुंदर!" म्हणत होता. सांगलीचं ऊन मात्र मी हातगाडीवर आणू शकलो नव्हतो. रात्रभर पाऊस पडला, आणि रविवारी सकाळी चर्चला निघालेल्या सबंध मोहल्ल्याने नाकाला रुमाल लावले. हाउसमाइस्टर गमबूट घालून मधोमध उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "महाशय, जर्मनीत शेण शेतात घालतात." शेजारी गंभीरपणे म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. आम्ही इथे टेनिस पिकवतोय." आठवडाभर आम्ही तिघं ते खरवडत होतो. त्या आठवड्यात, घर सोडल्यापासून पहिल्यांदाच, मी पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता कामही पुन्हा सुरू झालं. सकाळी प्रयोगशाळा, संध्याकाळी कोर्ट.

मे महिन्यात आम्ही खेळू लागलो. मातीवर चेंडूचा ठसा उमटतो, म्हणून भांडण झालंच तर ठसा बघायचा. शेजारी जाळी ओलांडून यायचा, गुडघे टेकून ठसा न्याहाळायचा आणि हमखास माझ्या बाजूने निकाल द्यायचा. त्यामुळे तो कायम हरे. खेळ संपला की मात्र नियम कडक: आपापली बाजू आपण झाडायची, आपल्या पावलांची एक खूण मागे ठेवायची नाही, पुढच्याला कोर्ट कोरं मिळालं पाहिजे. हाउसमाइस्टरनी तर तशी पाटीच लावली होती. एक टाच उमटलेली दिसली तरी ते खिडकीतून ओरडत.

मग तो उन्हाळा आला, ज्यात स्पेनचा एक खेळाडू लंडनच्या गवतावर जिंकला. आम्ही हाउसमाइस्टरच्या रेडिओला कान लावून बसलो होतो. निकाल ऐकल्यावर शेजारी उठला, त्या ताठ जर्मन गृहस्थांच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन ढसढसा रडला. पुढच्या रविवारी गावातल्या कारखान्यांत काम करणारे स्पॅनिश लोक कोर्टावर हजर झाले. कामाचे बूट, उसन्या रॅकेटी, आणि आयुष्यात टेनिस न पाहिलेली माणसं. त्यांत एक न्हावीही होता. महिन्याभरात शेजाऱ्याला स्वतःच्या कोर्टावर नंबर लागेना, आणि लागला की न्हावी त्याला हरवायचा. तो घामाने थबथबून माझ्याजवळ येई आणि म्हणे, "बघितलंस? मी काय सांगितलं होतं?"

पुढच्या वर्षी मला डॉक्टरेट मिळाली. तार वडिलांना गेली, आणि सांगलीच्या न्हाव्याने म्हणे पेढे वाटले. त्याच शरदात शेजारी वडिलांचं औषधाचं दुकान बघायला कायमचा घरी निघाला. गाडी संध्याकाळची होती, म्हणून दुपारी, बरोबर शांततेच्या वेळेत, आम्ही शेवटचं खेळलो. तो हरला. मी माझी बाजू झाडायला घेतली. तो पिशवी उचलून उभा राहिला. "माझी आज राहू दे," म्हणाला, आणि मला मिठी मारून गेला. आभार मानायचे मी मनात घोळवून ठेवले होते, जर्मनमध्ये, क्रियापदं जागच्या जागी लावून. ऐनवेळी मी माझी बाजू झाडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे गेलो. माझी बाजू कोरी, आणि त्याच्या बाजूला सगळीकडे त्याची पावलं. पुढे धावलेली, घसरलेली, आणि निकाल द्यायला माझ्याकडे निघून जाळीपाशी संपलेली. हाउसमाइस्टर पाटीशेजारी झाडू घेऊन उभे होते. मी झाडूसाठी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.

"उद्या बघू," ते म्हणाले, आणि झाडू घेऊन आत गेले.

तो 'उद्या' पाऊस येईपर्यंत आला नाही.