अक्कानं दोन नंबर पुरा लिहिला

आज सकाळी मिरजेच्या दवाखान्यात माझी अक्का गेली.
आणि मी नुसता ‘भ’ दाबला, तर मेल्या फोननं अख्खी श्रद्धांजली पुढ्यात आणून ठेवली!

नातीनं सेटिंग करून दिलंय. "आजी, तुला आठवड्याला एकदा तरी लागतंच की."
खरंय. आमच्या वयाला लागतंच.

पोरीला वाटतं हा नवा शोध.
अगं बाई, तुझ्या अक्काआजीनं हे सत्तरच्या दशकात केलं होतं. रहिमतपुरात. दौत-टाकानं.

मी तेव्हा अक्काच्या सासरी राहून शाळेत जायचे. गल्लीतले निम्मे नवरे मिलिटरीत, आणि मागं राहिलेल्या बायकांत लिहिता येणारी एकटी अक्का, सातवी पास.
दुपारी बायका इनलँड घेऊन हजर. सगळ्यांचा मजकूर तोच.

वैतागून अक्कानं वाक्यांना नंबरच दिले.
एक – पत्र लिहिण्यास कारण की.
दोन – इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, काळजी नसावी.
तीन – रजा मिळताच निघून यावे.

मग काय, बायका दारातूनच अक्काला हाक द्यायच्या, "सुमन, एक, दोन, तीन लिव गं! तीन नंबर दोन बारी लिव!"
हसून हसून पुरेवाट व्हायची.

बायकांच्या पत्रात अक्का वाक्यं पुरी लिहायची. दाजीही मिलिटरीतच, पण त्यांना मात्र नुसते आकडे. नंबरांची यादी त्यांच्या ट्रंकेतच होती. वर ‘१, २, ३’ आणि खाली कागदभर गप्पा. म्हैस व्याली, मोहनला दात आला, असलं सगळं.

मोहन तिचा मुलगा. दीड वर्षाचा.
तीन दिवसांच्या तापात गेला.

सासूबाई म्हणाल्या, "ल्येकाला कळवू नगंस. बंदूक हाय त्येच्या हातात. ध्यान थाऱ्यावर ऱ्हायाचं न्हाई. खुशाल हाय म्हून लिव."

अक्का लिहायला बसली. किती वेळ टाक नुसता हातात.
मग एकेक अक्षर काढत लिहिलं, ‘इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, काळजी नसावी.’
खाली काहीच नाही. सगळा कागद कोरा.

तीन आठवड्यांनी दाजी दारात उभे. ना पत्र, ना तार.
अक्का तांदूळ निवडत होती. बूट न काढताच ते तिच्यापुढं बसले.

"मोहन कुठाय?"

अक्काची बोटं तांदळातच फिरत राहिली.

"दोन नंबर पुरा लिवलास. खाली मोहनचं नाव न्हाई. तवाच वळखलं. सायबाचं पाय धरून रजा काढली."

तोवर अक्का एकदाही रडली नव्हती. त्या दिवशी तिनं जो हंबरडा फोडला, तो मला अजून ऐकू येतो.

खूप वर्षांनी मी विचारलं, "अक्के, त्यांना कळावं म्हणून मुद्दाम लिहिलंस का गं?"
"न्हाई गं. आकडा आमचा दोघांचा हुता. त्यात खोटं कसं घालू?"

दाजी चार वर्षांपूर्वी गेले. आज ही.

पोरीनं दिलेलं वाक्य मी पुसलं. चष्मा लावून, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत बसलेय. डोळ्यांना धड दिसत नाही. लागू दे वेळ.

अक्के, पुरं लिहितेय गं.

इकडे आम्ही कोणी खुशाल नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली.