भाजी विचारायची वेळ

"आज कसानी भाजी शे रे, संजय?"

हेडसेटमध्ये पाटील कॅप्टनचा आवाज आला, तेव्हा टो-बार अजून विमानालाच अडकलेला होता. म्हणजे टगला, विमान ढकलणाऱ्या ट्रॅक्टरला, विमान जोडणारा तो लांब लोखंडी दांडा. "वांग्याचं भरीत, सर," मी म्हणालो. "मजा शे तुन्ही," म्हणत ते हसले. यात नवीन काही नव्हतं. ते सुरतेला आले की हे बोलणं ठरलेलंच.

मी सुरत एअरपोर्टवर ग्राउंड इंजिनियर आहे. राहतो डिंडोलीत, मूळ गाव धुळ्याकडे. पाटील साहेबही तिकडचेच. त्यांचं आयुष्य मुंबईत गेलं, आई होती तोवर घरात अहिराणी होती. आई गेली आणि बोलायला कोणी उरलं नाही. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुण्याच्या. एकदा हेडसेटवर माझ्या तोंडून टग ड्रायव्हरला अहिराणीत शिवी गेली आणि वरून हा मोठा माणूस खो खो हसला. तेव्हापासून आमची ओळख.

आता कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बे-वरून, म्हणजे उभं असतं त्या जागेवरून, विमान स्वतः मागे जात नाही. टग त्याला ढकलत मागे नेतो, तो पुशबॅक. त्या वेळी कॅप्टननं चुकून स्टिअरिंग फिरवलं, तर टो-बार फिरून कोणाचेही पाय मोडतील. म्हणून पुढच्या चाकापाशी आम्ही एक पिन घालतो. तिला लांब लाल फीत असते. पिन आत असेपर्यंत स्टिअरिंग बंद. पुशबॅक झाला, इंजिनं सुरू झाली की कॅप्टन म्हणतो, "डिस्कनेक्ट." मग आम्ही टो-बार काढतो, पिन काढतो, हेडसेट काढतो. मी बाजूला जाऊन पिन उंच धरतो, फीत दिसेल अशी, आणि अंगठा दाखवतो. कॅप्टननं लाइट मारून उत्तर दिलं की आमचं काम संपलं. कॉकपिटमधून स्वतःच्या नाकाखालचं काही दिसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आमची भाजीची चौकशी व्हायची ती "डिस्कनेक्ट" म्हटल्यानंतर. प्रकाश टो-बार काढेपर्यंत तेवढाच वेळ असतो. प्रकाश हा माझा टग ड्रायव्हर, लिंबायतचा, ती शिवी खाल्लेला. इतकी वर्षं गप्पा संपायच्या आणि टो-बारही निघालेला असायचा. त्या भरिताच्या दिवशी मात्र टो-बारची खिट्टी अडकली. प्रकाश गुडघ्यावर बसून हातोडीनं ठोकत होता.

इतक्यात विमान हललं.

"स्टॉप! ब्रेक! ब्रेक!" मी हेडसेटमध्ये बोंबललो. त्यांनी तत्काळ ब्रेक मारला, पण तोवर टो-बारनं टगला धक्का दिला होता. बार मुडपून उसळला आणि पुढच्या टायरला मोठी चीर गेली. प्रकाश कोलांटी मारून बाजूला पडला होता. मी धावलो. आजूबाजूला इंजिनांचा आवाज, त्यात तो काय बोलतोय ते कळेना. जवळ गेल्यावर कळलं.

"काही नई झाये, भाऊ. खरचटनं फक्त."

मी त्याला धरून उभं केलं.

फ्लाइट रद्द झाली. पाटील साहेब खाली उतरले ते आधी प्रकाशकडे गेले. त्याचा पाय स्वतः दाबून बघितला. मग माझ्याकडे वळले. "संजय, मला पिन दिसली होती रे," ते म्हणाले. पिन तेव्हा चाकापाशीच होती. ते खोटं बोलत नव्हते. आमचं बोलणं झालं की पिन दिसायची, रोजचंच. त्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांना ती दिसली असणार.

खरी हळहळ पुढे आहे. ते महिन्याभरात रिटायर होणार होते. शेवटची फ्लाइट त्यांनी मागून घेतली होती, मुंबई-सुरत-मुंबई. वहिनी पहिल्यांदा त्यांच्या विमानात बसणार होत्या. इतकी वर्षं आधी मुलं, मग सासूबाईंचं आजारपण, त्यांना जमलंच नव्हतं. निरोप म्हणून विमानावर पाण्याची कमान करू असं फायरवाल्यांनी सांगून ठेवलं होतं. माझ्या बायकोनं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ दळून ठेवलं होतं.

मुंबईहून चौकशीला एक साहेब आले.

"कॅप्टनला सिग्नल मिळाला होता?"

"नाही, सर."

"मग त्याआधी शेवटचं काय बोलणं झालं?"

"भाजीचं, सर."

साहेबांनी चष्मा काढला. "कसलं?"

मी सगळं सांगितलं. रोजच्या सवयीमुळे झालं, गप्पांत मीही होतो, हेही सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही विमान हलवलं नाही." पाटील साहेबांनीही तेच लिहून दिलं होतं: चूक माझी, इंजिनियरची नाही. बरोबर होतं. पण ऐकताना बरं वाटलं नाही.

चौकशी संपेपर्यंत त्यांना उड्डाण बंद होतं. ती संपली तेव्हा त्यांचं विमान चालवायचं वय उलटून गेलं होतं. पाण्याची कमान झालीच नाही. पिठाच्या भाकऱ्या आम्हीच खाल्ल्या. मला त्या गोड लागल्या नाहीत.

नंतर एकदा ते वहिनींना घेऊन सुरतेला आले, एका लग्नाला, पॅसेंजर म्हणून. परतताना शिडीपाशी मी उभा होतो. बायकोनं दिलेला डबा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वहिनींकडे दिला. मी वाट बघत होतो, आता भाजी विचारतील.

"पहिले पिन दाखाड," एवढंच म्हणाले आणि शिडी चढले.

पुशबॅक झाल्यावर मी बाजूला जाऊन ती दाखवली. कॉकपिटमधून लाइट लागला. मग पिन तशीच वर धरून मी खिडक्यांकडे बघत राहिलो. ते कुठल्या खिडकीत होते, शेवटपर्यंत कळलं नाही.

आता हेडसेटवर कोणी जेवणखाण विचारलं तर मी सांगतो, "सर, पिननंतर." पिननंतर हेडसेट काढलेला असतो. त्यामुळे ते बोलणं राहूनच जातं.