खिडकीतली पाचवी बोजागी

बान गुमसुकला माणसं फारशी आवडत नसत. जॉन्जूच्या जुन्या गल्लीत हानबोक हा पारंपरिक रेशमी पोशाख भाड्याने घेऊन, तो अंगावर चढवून, खाली खेळाचे बूट तसेच ठेवून, कॉफी चोखत फिरणाऱ्या पोरी तर तिला नजरेसमोर नको असत. त्या दुकानात शिरत, मोशीच्या बोजागीला बोट लावत आणि विचारत, "अय्या, पडदा आहे का हा?"

"पडदाच आहे," गुमसुक म्हणे. "तोंडावर ओढून घे."

मोशी म्हणजे झाडाच्या सालीच्या धाग्याचं ताठ, झिरझिरीत कापड. त्याचे तुकडे जोडून भेटवस्तू बांधायचे रुमाल, म्हणजे बोजागी, शिवण्यात तिचा जन्म गेला होता. शेजारपाजारच्या दुकानांतला मशीनवरचा माल ती मोजतच नसे. "ती काय शिवण आहे? आगगाडीचा रूळ आहे," असं ती भर रस्त्यात, त्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

पण तिच्या तुच्छतेचा सगळ्यात मोठा वाटा घरातच, धाकट्या भावाच्या बायकोला मिळत होता. मो हेरिन बँकेतली नोकरी सोडून आली होती आणि गुमसुकच्या बोजागींचे फोटो काढून इंटरनेटवर विकत होती. ती कापडाशेजारी एक नासपती ठेवायची, मग नासपती उचलून चहाचा पेला ठेवायची, मग पेला उचलून पुन्हा नासपती.

"बाई गं, कापड विकतेस की बाजार मांडलायस?" गुमसुक विचारायची.

"वन्सं, नुसतं कापड कोणी बघत नाही."

"आंधळ्यांना कापड विकायला मी बसलेच नाहीये."

बसली होती ती खोली मात्र भावाची होती. एका कॉफीवाल्याचा त्या खोलीवर कधीचा डोळा होता, आणि भाऊ आता विरघळायला लागला होता. शेवटी त्याने सांगून टाकलं: सोलच्या त्या मोठ्या चहाच्या दुकानाचं चुसोक सणाच्या भेटी बांधायच्या बोजागींचं काम मिळालं तर खोली ताईची, नाही तर कॉफीची. दुकानाला पाच नमुन्यांचे फोटो हवे होते. म्हणजे गुमसुकचं नशीब हेरिनच्या फोनवर येऊन ठेपलं होतं, आणि या विचाराने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

मोशी आणायला दोघी सोलच्या ग्वांगजांग बाजारात गेल्या. गुमसुकने पहिल्याच दुकानात ठाण बोटांत चुरगाळलं, गालाला लावलं आणि भिरकावल्यासारखं परत ठेवलं.

"ही मोशी की मच्छरदाणी?"

"हान्सानची आहे, आजी. शुद्ध," दुकानदार म्हणाला.

"हान्सान तू नकाशात तरी पाहिलंयस का? आणि आजी तुझी घरी असेल."

हेरिन मात्र प्रत्येक ठाणाचं टोक उचलून दिव्यासमोर धरत होती आणि फोनमधून बघत होती. गुमसुकला तो शुद्ध चावटपणा वाटला. कापड हाताला कळतं, फोनला काय कळणार! ओळखीच्या म्हाताऱ्याकडून तिने तिला हवी ती खरी मोशी घेतली, हेरिनला उचलायला लावली आणि परतीच्या बसमध्ये सगळ्या सोल शहरावर तोंडसुख घेतलं.

चार बोजागी तिने हाताने शिवल्या. पाचवीच्या वेळी अंगठ्याचं पेर असं सुजलं की सुई धरवेना. मुदत तोंडावर आली होती. मग तिने दार लावून घेतलं, उशांचे अभ्रे शिवायच्या मशीनवरचं फडकं काढलं आणि पाचवी बोजागी त्या मशीनवर मारली. कापड जमिनीवर पसरून वरून फोटो घेतला तर कोणाच्या बापाला कळणार नाही, असा तिचा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याला सुया टोचून घ्यायला ती वैद्याकडे गेली. जाताना दरडावून गेली, "सगळ्या जमिनीवर पसरून काढ. तुझी नासपती खाऊन टाक."

परत आली तर पाची बोजागी दक्षिणेच्या खिडकीत टांगलेल्या. ऊन आरपार येत होतं आणि एकेक शिवण काळ्या रेघेसारखी उठून दिसत होती. चार बोजागींत बारीक तिरपे टाके. पाचवीत सरळ, निर्जीव रूळ. मोशी उजेडासाठीच असते, हे उभी हयात लोकांना ऐकवणारी बाई नेमकी तेच विसरली होती.

"काढ ते! काढ आधी!"

"फोटो कधीच गेले, वन्सं."

उत्तर येईपर्यंत गुमसुक कोणालाही टाकून बोलली नाही. घरात सगळ्यांना वाटलं, बाई आजारी आहे. उत्तर आलं तेव्हा हेरिनने ते वाचून दाखवलं. काम मिळालं होतं. दुकानाच्या मालकिणीने लिहिलं होतं की पहिल्या चारांची शिवण जरा वाकडीतिकडी वाटते, गिऱ्हाईक नाक मुरडेल. पाचवी मात्र अप्रतिम, हातात किती वर्षांची सफाई आहे ते दिसतं. सगळ्या बोजागी हुबेहूब तशाच हव्यात.

"मूर्ख," गुमसुक म्हणाली. "गाढव. चहाचा गाळ भरलाय डोक्यात."

पण शिवीत नेहमीचा जोर नव्हता. गाढवांनीच तिची खोली वाचवली होती.

"नाही म्हणून कळवू?" हेरिनने विचारलं.

बाहेर कॉफीवाला पुन्हा दाराची रुंदी बघून गेला.

"वन्सं, मशीनचा आवाज वर आमच्या खोलीत येतो," हेरिन हळूच म्हणाली. "मला माहीत होतं. दोरा आणायला निघालेय. कुठला आणू?"

ती हसली असती तर गुमसुकने तिची सालटी काढली असती. पण ती हसत नव्हती. पर्स खांद्याला लावून दारात उभी होती.

"मशीनचा," गुमसुक म्हणाली.