आढीवरचा नाकवाला

बागेत त्याला सगळे नाकवाला म्हणायचे. आंबा देठाशी हुंगून तो सांगायचा, "हा उद्या, हा परवा, हा आतून गेलाय." कापून बघितलं की त्याचंच खरं निघायचं. आला होता फवारणीच्या कामाला. पण हे कसब मालकाच्या लक्षात आलं आणि त्याची नेमणूक गवतात आंबे पिकायला घालतात त्या आढीवर झाली. तरी झाडं मोहरली, मोहरावर तुडतुड्यांची कीड पडली की मालक म्हणायचा, "चार दिवस फवारणीचा पंप घे, तुझा हात बसलाय." तोंडावर फडकं बांधून तो जायचा. असे बावीस मोहर गेले.

त्या भागात आंब्याशिवाय दुसरं पीक नव्हतं. लग्न असो, छप्पर असो, म्हाताऱ्यांचा मोतीबिंदू असो, आंबा उतरल्याशिवाय काही हलायचं नाही.

एका सकाळी बायको पाणी भरून आली. शेगडीवर दूध तळाला लागून करपलं होतं आणि हा तिकडे पाठ करून निवांत दाढी करत बसला होता.

"अहो, वास नाही आला?"

"सर्दी आहे."

"कधीपासून?"

वस्तरा खाली ठेवून तो म्हणाला, "दोन वर्षं झाली. अंदाजाने भागवतोय. कुठे बोलू नकोस."

ती बोलली नाही. त्या हंगामात ती आढीवर आंबे निवडायच्या कामाला लागली, थेट त्याच्या शेजारी. तिच्या हातून आलेला आंबा तो नाकाशी धरी; फळ खराब असलं तर ती खोकायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, "अगं, छाती दाखवून घे एकदा."

एक वर्ष असं निभावलं. पुढच्या हंगामात तिला टायफॉइड झाला, आणि त्याच पंधरवड्यात परदेशी जाणारा माल निघाला. त्याने रंग बघून, बोटांनी चाचपून पेट्या भरल्या. बंदरात पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त माल सडला.

मालक आला. त्याच्या हातात एक आंबा देऊन म्हणाला, "सांग."

त्याने डोळे मिटून हुंगला. "उद्या खायला होईल."

"याला मी आत्ताच रॉकेल चोळलंय."

आढीवरचे हात थांबले. त्याची मान खाली गेली.

"कशाने झालं?" मालकाने विचारलं.

भिंतीला टेकवलेल्या पंपाकडे त्याने नुसतं पाहिलं. मालकानेही पाहिलं, आणि तो बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी निरोप आला: वर्षभर फवारणीलाच ये, तुला आता वासाचा त्रास तरी होणार नाही. निरोपात टोमणा नव्हता. आपण माणसाची सोय लावली, असंच मालकाला वाटत होतं.

"नाही म्हणून सांगा," बायको म्हणाली.

"आणि जाऊ कुठे? इथे दुसरं आहे काय?"

दुसऱ्या मोहरात तो पंपासकट झाडाखाली कोसळला. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडावर धरला आणि बायकोला बाहेर बोलावून घेतलं. आता अंथरुणातून दारापर्यंत यायला त्याला मधे एकदा बसावं लागतं.

आढीवर त्याच्या जागी ती आहे. त्याच्या उशाशी पाणी, गोळ्या ठेवून सकाळी निघते. यंदा मोहर आला तेव्हा तिने मालकाला फवारणीवाल्यांसाठी चांगले मास्क मागितले. "बघू," तो म्हणाला. माणसं अजून फडकीच बांधतात.