पान्याची पकड

व्याह्यांनी रॉड हातात दिला आणि पहिलीच गोष्ट अशी सांगितली, की पान्याला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं.

“मासा डोळ्यांना दिसत नाही, व्याही. तो बोटाला कळतो. दोरी अशी तर्जनीवर घ्या. खाली कोणी तोंड लावलं, की इथे टिचकी बसते. बसली, की मारा झटका.”

पान्याने दोरी तर्जनीवर घेतली. दोरी बोटावर आहे, हे त्याला दिसत होतं. कळत काही नव्हतं.

त्याला सगळे पाना म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. उमेदीची सगळी वर्षं तो कारखान्यात पाइपफिटर होता. त्याने आवळलेला जोड गळला, असं कोणी कधी म्हटलं नाही. पण पाइप टाकायचा तर आधी भिंत फोडावी लागते, आणि फोडायचं यंत्र दिवसभर हातात थडथडतं. ते थडथडणं हळूहळू हातात मुरलं. निवृत्तीनंतर बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. उजवा हात मिटायचा, उघडायचा, जोरही होता. पण धरलेली वस्तू हातात आहे की नाही, ते बघावं लागायचं. शर्टाचं बटण तो आरशात बघून लावायचा. चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा. बायको विचारायची, “थंडी वाजते का हो?” तो म्हणायचा, “वाजते.”

हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. गल्लीत नळ बिघडला की अजून त्यालाच हाक मारत. ज्याच्या हाताचा भरवसा नाही, त्याला कोण बोलावणार? आणि ज्या एका माणसाला हे मुळीच कळू द्यायचं नव्हतं, तोच आज शेजारी उभा राहून त्याच्या बोटाकडे बघत होता.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे. जन्मभर बस चालवलेली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागली, ती घरी आल्यावरही गेली नाही. मागच्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरात पान्याने नवा नळ बसवला होता. नट किती आवळला, ते हाताला कळलं नाही, म्हणून आणखी थोडा आवळला. पितळ चिरलं, ते तेव्हा दिसलं नाही. त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. पाणी ओट्याखालून निघालं ते थेट पलंगाखाली गेलं. व्याह्यांनी चारचौघांत सुनावलं, “नावाचा पाना! नळ बसवायला सांगितला, तर नदी आणून सोडली घरात.”

 खरं कारण सांगण्यापेक्षा पान्याला गाढव ठरलेलं परवडलं. तेव्हापासून दोन्ही घरांत नुसते निरोप जात होते, तेही मुलीमार्फत. शेवटी तीच कंटाळली. “बाबा, पोस्टमन व्हायला मी लग्न केलेलं नाही. ते दर रविवारी धक्क्यावर गळ टाकायला जातात. तुम्ही जा त्यांच्याबरोबर. भांडा, पण समोरासमोर भांडा.”

म्हणून तो आला होता.

धक्का दगडी होता, समुद्रात लांबवर गेलेला. भरती चढत होती. व्याही शिकवायला लागले, की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. “फेकायच्या आधी मागे बघा, कोणाच्या कानात गळ अडकायला नको. शिसं जड लावलंय, ओढ आहे पाण्याला. कोळंबी शेपटीकडून ओवा. आणि रिळाचा ब्रेक सैल. सैल म्हणजे सैल! आमच्या नळासारखा नको.”

पान्याने ऐकून घेतलं. कोळंबी ओवताना गळ बोटात घुसला. रक्त आलं, तेव्हा त्याला समजलं. त्याने हात पँटला पुसला.

फेकणं त्याला पटकन जमलं. कंबरेतून जोर काढायचा, हातातून नाही. हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पुढचं जमेना. तो दोरी बोटावर धरून बसायचा, आणि ओढून काढली की गळ धुतल्यासारखा स्वच्छ. आमिष गेलेलं. दोनदा झालं, चारदा झालं.

“काय व्याही, अन्नछत्र उघडलंय का?” व्याही ओरडले. धक्क्यावरची आणखी दोन माणसं हसली. “टिचकी लागते की नाही बोटाला?”

“लागते.”

“मग झटका का मारत नाही?”

“जेवू दे म्हटलं.”

व्याही हसले नाहीत. त्यांची नजर पुन्हा त्याच्या हाताकडे गेली. पान्याने अंग वळवून हात आड केला.

त्याने विचार केला. जमिनीखालचा पाइप गळतो, तेव्हा ती गळती हाताला कुठे कळते? लोखंडी सळई पाइपवर टेकवायची, दुसरं टोक कानामागच्या हाडाला. गळती ऐकू येते. व्याही आपल्या गळात गुंतल्यावर त्याने रॉडचा दांडा जबड्याला टेकवला.

आणि समुद्र बोलायला लागला. शिसं वाळूवर घासत होतं, ते त्याला दातांत कळलं. दोरीवरून वारा गेला, तोही कळला. मग टुक. थांबून, टुक टुक.

“हे काय, माशाशी फोनवर बोलताय?” व्याह्यांनी विचारलं.

पान्याने झटका मारला. रॉड कमानीसारखा वाकला आणि रीळ किंचाळलं.

“अरे!” व्याही उडालेच. “ब्रेकला हात लावू नका! जाऊ दे त्याला. जाऊ दे! दमला की ओढा.”

पान्याने हात लावला नाही. मासा दोरी नेत होता, थांबला, की पाना रॉड उचलून तेवढी दोरी गुंडाळत होता. खांदे भरून आले. त्याची काही तक्रार नव्हती, ओझं त्याच्या ओळखीचं होतं. खूप वेळाने पाण्यात रुंद, चंदेरी अंग वळलं. व्याह्यांच्या तोंडून शिवीच गेली, आनंदाची.

“हा दोरीवर वर यायचा नाही, तुटेल. मी जाळं घेऊन खाली जातो. तुम्ही त्याला पायऱ्यांकडे आणा.”

धक्क्याच्या कडेला दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. एका बाजूला भिंत, दुसरीकडे उघडा समुद्र. भिंतीत होड्या बांधायच्या लोखंडी कड्या होत्या. खालच्या पायऱ्या भरतीने गिळल्या होत्या आणि उरलेल्यांवर शेवाळ होतं.

“राहू दे, व्याही. पाणी चढलंय.”

“बस चालवलीय मी घाटात. पायऱ्या काय सांगता?”

ते दांड्याचं जाळं घेऊन उतरले. पानाही रॉड सांभाळत मागून निम्म्यावर आला. मासा आडवा होऊन पायरीजवळ आला. व्याही वाकले. जाळं पाण्यात गेलं, आणि त्याच वेळी लाट भिंतीला लागून फुगली. व्याह्यांचा पाय सरकला. हातातलं जाळं गेलं, मग ते स्वतः गेले. छातीपर्यंत. लाट परत फिरली आणि त्यांना ओढून न्यायला लागली.

पान्याने रॉड सोडला. तो पायऱ्यांवर आडवा झाला, डावा हात कोपरापर्यंत कडीत घातला आणि उजवा पाण्यात टाकला. व्याह्यांचं मनगट समोर आलं. त्याने पंजा मिटला.

मग फेस आला आणि हात दिसेनासा झाला.

त्याला हात नव्हताच. खांद्यापासून कोपरापर्यंत ताण होता. त्यापुढे काही नाही. मनगट पंजात आहे, की पंजा रिकामाच मिटलाय आणि बाही तेवढी अडकलीय? ते पाण्याखाली बघता येत नव्हतं. जन्मात त्याला एवढी भीती वाटली नव्हती.

“व्याही!” तो ओरडला. “मी धरलंय का तुम्हाला?”

व्याह्यांच्या नाकातोंडात पाणी होतं. “हे काय विचारणं—”

“सांगा! मला कळत नाही. धरलंय का?”

व्याह्यांनी वर बघितलं. त्याचा चेहरा बघितला. आणि त्यांना सगळं समजलं, एका क्षणात.

“धरलंय,” ते म्हणाले. “घट्ट धरलंय.”

लाट ओढून गेली.

“आता?”

“धरलंय.”

वर माणसं ओरडत होती, पळत येत होती. पण धक्का लांब होता.

“आता?”

“सरकतंय! अंगठा सुटतोय, व्याही, अंगठा आवळा!”

पान्याने डोळे मिटले आणि अंगठा आवळला. किती आवळला, देव जाणे. व्याही कळवळून ओरडले. ते ओरडणं ऐकून त्याला धीर आला.

“ऐका,” तो म्हणाला. “आता ओढायचं नाही, ताकद फुकट जाते. लाट तुम्हाला वर उचलेल, तेव्हा मी ओढतो. तुम्ही गुडघा टाका पायरीवर. त्याआधी काही करू नका.”

लाट फुगली. व्याह्यांचं अंग हलकं झालं. पान्याने कंबरेतून जोर काढला. गुडघा दगडावर आपटला, पाणी फिरलं, आणि या वेळी व्याही त्याच्याबरोबर गेले नाहीत. दोघं चार पायांवर वर आले. तोवर ती दोन माणसं पोचली होती. त्यांच्या वाट्याला शेवटच्या चार पायऱ्याच आल्या.

रॉड गेला होता. मासाही गेला होता.

दोघं ओल्या कपड्यांनी धक्क्यावर बसले. व्याह्यांच्या मनगटावर पाच बोटं उठली होती, काळीनिळी. ते तिकडेच बघत होते.

“नळाच्या वेळीही असंच होतं?”

पान्याने समुद्राकडे बघितलं. “हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला? शेवटच्या स्टॉपपर्यंत ऐकू गेलं असतं.”

व्याही हसायला गेले आणि खोकला आला. पाणी थुंकून झाल्यावर म्हणाले, “घरी सांगू, पाय घसरला, रॉड गेला. एवढंच. बाकीचं डॉक्टरला सांगू. उद्या. मी येतो बरोबर.”

“मी म्हटलं का येतो म्हणून?”

“मी कुठे विचारलं?” असं म्हणून ते आपल्या सवयीने मोठ्याने बोलायला निघाले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “सकाळी तयार राहा.”

डॉक्टरांनी औषध दिलं. आहे तो हात जपा, म्हणाले. गेलेली जाणीव कितपत परत येईल, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी व्याह्यांनी जुना रॉड काढून आणला. टोकाला बारीकशी घंटी चिमट्याने लावलेली होती. “दुकानात मिळते,” ते म्हणाले. “टिचकी बसली की वाजते. पुष्कळ लोक लावतात.”  पायऱ्यांकडे दोघांपैकी कोणी गेलं नाही.

पान्याने दोरी टाकली. ब्रेक सैल सोडला.

“आमचा नळ परत गळतोय,” व्याही म्हणाले.

“प्लंबर बोलवा.”

“बोलावला होता. तुमच्यापेक्षा वाईट आहे.” त्यांनी आपल्या गळाला कोळंबी ओवली. “तुम्ही आवळा. मी नटावर बोट ठेवून बसतो. बस्स म्हटलं, की थांबायचं.”

“बस्स म्हणायला उशीर केलात तर?”

“तर नदी माझी.”

पाना उत्तर देणार होता. तेवढ्यात घंटी वाजली, आणि दोघंही एकदम उठले.