घोळ ऐकणारे तांडेलमामा

आमचे तांडेलमामा मासे ऐकायचे. थाप नाही! आगरदांड्याच्या खाडीबाहेर होडी थांबवायचे, वल्हं पाण्यात उभं धरायचे आणि मुठीला कान लावायचे. घोळ मासा झुंडीने आला की पाण्याखाली गुरगुरतो, ते त्यांना वल्ह्यातून कळायचं. तेवढ्यात कोणी शिंकलं की शिवी ठरलेली. "तुज्या शिंकन्यानं घोल पलाली, आता तुलाच इकतू बाजारात!"

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या; त्याने जाळं टाक म्हटलं की टाकायचं, 'का' विचारायचं नाही, ही आमच्या कोळीवाड्याची रीत. त्या दिवाळीनंतर मामांना रोजच घोळ ऐकू येऊ लागली. जाळी रिकामी यायची, पुन्हा पडायची; खलाशी अवाक्षर काढत नसत. मामा सकाळी ओकायचे, डोकं धरून बसायचे. तेव्हा पोरं हसली, "तांडेलाला होडी लागली!" मग एकदा घरात, जेवताना, त्यांनी हात वर केला. "गप! घोल बोलतेय." मामीच्या हातातलं ताट खाली पडलं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डोकं उघडलं. मी सोबत होतो. डॉक्टर भला माणूस, काही लपवलं नाही. "गाठ झपाट्याने वाढणारी आहे. दिसली तेवढी काढली. पण तिला कड नाही, मेंदूत मुरलीय. आणखी कापलं असतं तर वाचा गेली असती." मग विजेचे शेक दिले, केस गेले. टकलावर हात फिरवत मामा म्हणाले, "बरां जालां, न्हाव्याची कटकट गेली." शिमग्याला स्वतः जाऊन होडीला हार घालून आले. आम्हाला वाटलं, जिंकलो. कसलं डोंबलाचं जिंकतोय!

पावसाळा सरता सरता उजवा हात लुळा पडला. मग शब्द गेले. मला बघून ओठ हलवायचे, नाव काही येईना, की चिडून रडायचे. माझ्याच्याने बघवत नसे.

पुन्हा इस्पितळात नेलं. मामीने डॉक्टरांचे पाय धरले. "सायेब, आजून एकदा उघडा."

"उघडेन हो, बाई. पण काढू काय? आता गाठ कुठे संपते आणि हे कुठे सुरू होतात, ते मलाच कळत नाही. घरी न्या."

घरी आणलं. मामी चमच्याने पेज भरवायची. एका दुपारी मामांनी तोंड उघडलंच नाही. तिने दोनदा चमचा ओठांना लावला, मग वाटी बाजूला ठेवली. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांदेखत, लग्नानंतर पहिल्यांदाच, तिने नवऱ्याला नावाने हाक मारली.

मामांनी ओ दिली नाही.