डावात नसलेला माणूस

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात कसोटीचा एक क्षण येतो, असं थोर लोक सांगतात. माझा आला तेव्हा मी कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी, बटाटेवडा खात होतो. त्या क्षणी मी काय केलं ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही — ‘आणि स्वतःलाही नाही’ असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि आम्ही कंपनीच्या बसने तिकडे जात-येत होतो. आमचा टीम लीड अभिजित वर्षभर अमेरिकेत राहिला आणि येताना पोकर घेऊन आला. दिवाळीत काका-मामा तीन पत्ती खेळतात तो जुगार; पोकर मात्र ‘निर्णय घेण्याचं शास्त्र’, असं तो म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो. आमचं अप्रेझल त्याच्या हातात होतं. दर रविवारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर डाव बसायचा. पैसे नावापुरते, दुपारभर हरलं तरी एका मिसळीच्या वर जायचं नाही. इतक्या थोड्या पैशांसाठी जे खेळतात ते खरं तर इज्जतीसाठी खेळतात — हे मला तेव्हा कुठे कळत होतं?

मी पुस्तकं वाचून आणि कॉम्प्युटरवर खेळून तयार होऊन गेलो होतो. पण कॉम्प्युटरला तुमचा चेहरा दिसत नाही, आणि पाळी नसताना तो तुम्हाला कशालाही हात लावू देत नाही. टेबलावर मी सगळ्या चुका केल्या. दुसऱ्याच्या पाळीला पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला. हातात एक्का आला की मला तहान लागायची आणि मी पाण्याचा ग्लास उचलायचो. पुढे पुढे मी ग्लासकडे पाहिलं तरी बाकीचे पत्ते टाकू लागले. आणि सर्वांत वाईट म्हणजे, मी स्वतः पत्ते टाकून दिल्यावर इतरांनी कसं खेळायला हवं ते सांगत बसायचो. पुण्याचा माणूस मी. समोरच्याची चूक दिसली आणि गप्प बसलो तर अन्न पचत नाही.

एकदा अभिजितने झापलं. “तू डावात आहेस का? नाहीस ना? मग तोंड बंद. जो डावात नाही त्याने बोलायचं नाही. जगभर हाच नियम आहे.”

नियम खरा आहे. बाहेरच्याच्या बोलण्याने खेळणाऱ्यांचं नुकसान होतं. मी तो शिकलो. चुकांमधून शिकणाऱ्यांपैकी आहे मी — अजून मुद्द्यावर येत नाहीये ना? मलाही कळतंय ते.

मिलिंद. नागपूरचा. ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. त्याला त्या टेबलावर मीच नेलं. तो ‘काय करून राहिला’ म्हणाला की सगळे हसायचे, आणि तोही हसायचा. एकदा त्याने मला आणि अभिजितला खोलीवर जेवायला बोलावलं होतं. शेल्फवर बुद्धाची मूर्ती, पुढे मेणबत्ती. अभिजितने मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वांग्याच्या भाजीची स्तुती केली. परत येताना आम्ही त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. असं न बोलण्यालाच आम्ही पुरोगामी असणं समजत होतो.

त्या रविवारी पत्ते वाटायची पाळी मिलिंदची होती. पैशांऐवजी आम्ही प्लास्टिकच्या रंगीत चकत्या लावायचो; लावलेल्या चकत्यांचा मधला ढीग वाटणाऱ्यानेच सांभाळायचा आणि सुटे द्यायचे, अशी रीत. माझ्याकडे छोट्या चकत्या नव्हत्या. मी काळी, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीची, चकती मध्ये टाकली आणि त्याची वाट न पाहता ढिगातून सुट्या चकत्या स्वतःच ओढून घेतल्या. असं करायचं नसतं. नवखे करतात. ओढताना ती काळीही माझ्याकडे परत आली. तेव्हा मला कळलं नाही — शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला काय किंमत, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे.

पुढच्याच पाळीला मी पत्ते टाकले आणि वड्याकडे वळलो. शेवटी मिलिंद आणि अभिजित उरले. अभिजित जिंकला. ढीग पुढ्यात ओढून त्याने बोटाने चकत्या बाजूला सारल्या आणि विचारलं, “यात काळी होती. कुठे गेली?”

मी माझ्या चकत्यांकडे पाहिलं. लाल चकत्यांच्या खालून काळी कड डोकावत होती.

माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही. सगळे मिलिंदच्या हातांकडे पाहत होते. तो वाटत होता म्हणून — असं म्हणता येईल. पण याआधीही ढीग कमी भरला होता, अभिजित स्वतः वाटत असताना. तेव्हा आम्ही सगळे हसत टेबलाखाली शिरलो होतो. त्या दिवशी कोणी वाकलं नाही.

“मी काहून घेईन, बाप्पा?” मिलिंद म्हणाला. त्याला अजून गंमत वाटत होती.

“घेतली असं कोण म्हणतंय? मी आपलं विचारतोय. पाय फुटले असतील तिला.”

मग मिलिंदला कळलं. तो माझ्याकडे वळला. “तू तर बाजूलाच बसून पाहून राहिला होता ना. सांग ना यार.”

आणि मी म्हणालो — “मी डावात नव्हतो.”

 मिलिंदने स्वतःची काळी चकती उचलून अभिजितच्या ढिगावर ठेवली. भांडण नको, एवढाच त्याचा अर्थ होता. बाकीच्यांनी ती कबुली मानली. “विषय संपला,” अभिजित मोठ्या मनाने म्हणाला. “यापुढे पत्ते मी वाटेन.” मी माझ्या चकत्यांवर हात ठेवून बसलो होतो.

कशाची भीती होती मला? चोर ठरण्याची? मला कोणी चोर म्हटलं नसतं, हीच तर गोष्ट आहे. “अरे येडपटा, तुझ्याकडेच आहे की!” म्हणून सगळे खदखदले असते आणि पुढचा डाव सुरू झाला असता. मला फक्त हसू झेलायचं होतं. तेवढं वाचवण्यासाठी मी एका माणसाचं नाव खर्ची घातलं.

कारण ते नाव तिथे थांबलं नाही. मिलिंद जवळून गेला की ऑफिसात कोणीतरी म्हणायचं, “ड्रॉवरला कुलूप लाव रे.” गमतीत. पुण्यात सगळं गमतीतच म्हणतात. टीमच्या वाढदिवसांची वर्गणी तो जमा करायचा. ते काम त्याच्याकडून काढून माझ्याकडे दिलं गेलं. का, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. घेतलं.

एकदा बसमध्ये त्याने खिडकीबाहेर बघत विचारलं, “तू तरी तसं मानत नाहीस ना?”

“छे रे,” मी म्हणालो.

“थँक्यू यार,” तो म्हणाला.

त्या ‘थँक्यू’चं मी काय करावं? इतकी वर्षं झाली, त्याला ठेवायला जागा सापडलेली नाही. बसमध्ये त्या बाकावर तर आम्ही दोघेच होतो, ऐकून हसायला कोणी नव्हतं. तरी मी बोललो नाही. म्हणजे हसण्याचं कारणही खोटंच होतं का? असेल. मग खरं कारण काय? शोधायला गेलो की मला मूर्ती आठवते, आणि आमचं ते सभ्य गप्प बसणं, आणि मी शोधणं थांबवतो.

काही महिन्यांनी त्याने राजीनामा दिला आणि तो बंगळूरला गेला. निरोपाच्या भेटीसाठी वर्गणी मीच गोळा केली. मनगटी घड्याळ दिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो.

आजच्या काळात माणूस शोधून काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी शोधलं. त्याचा फोटो आहे, केस पांढरे झालेत. मी काही लिहिलं नाही. लिहीन, असंही इथे म्हणत नाही.

पोकर मी केव्हाच सोडलं. सध्या मी वारज्याच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. निवड बिनविरोध झाली.